हेवीचं लायसन आलं, आता माझं थोडं ऐक

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

काल लायसनचं कार्ड आलं, आईने ते खजराण्याच्या गणपतीच्या फोटोपुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि मी नुसता बघत बसलो, एक शब्द बोललो नाही. तुला वाटलं असेल बाबांना आवडलेलं नाही. तसं नाही रे. तीस वर्षं मी ज्या सीटवर बसलो तिथे आता माझा पोरगा बसणार म्हटल्यावर छाती भरून पण येते आणि पोटात गोळा पण येतो, दोन्ही एकदम झालं की तोंडातून काय निघणार. म्हणून रात्री बसून मोबाईलवर हे लिहितोय. सोमवारी तू पिथमपूरहून न्हावाशेवाच्या कंटेनरवर जाशील, त्याच्या आधी एकदा वाच आणि कुठे नंबर लावून तासनतास बसलास की परत वाच.

मी कुठल्या शाळेत गाडी शिकलो नाही. आजोबांची मिल बंद पडली, घरात पाच खाणारी तोंडं, मी सतरा वर्षांचा, लोहामंडीत एका उस्तादाच्या गाडीवर क्लीनर म्हणून चढलो. अडीच वर्षं त्याने स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. टायर ठोकून बघ, काच पूस, ताडपत्री टाक, रस्सा आवळ, आणि रात्री गाडीखाली चटई टाकून झोप. तेव्हा फार राग यायचा, आता कळतं की त्या अडीच वर्षांत मी गाडीचा आवाज ओळखायला शिकलो. तुमच्या वेळेला चारचाकीचं लायसन वर्षभर जुनं हवं, वय वीस पूर्ण हवं, स्कूलचं सर्टिफिकेट, मेडिकल, की पाच वर्षांसाठी हेवी हातात. कायद्याने ते बरोबरच आहे, पण महिनाभर मोकळ्या मैदानात आणि रिकाम्या गाडीवर शिकलेला हात भरलेल्या गाडीवर वेगळाच पडतो. रिकामी गाडी जिथे थांबते तिथे भरलेली थांबत नाही. माझं ऐकशील तर पहिले सहा महिने सेकंड ड्रायव्हर म्हणूनच जा, पगार कमी मिळाला तर मिळू दे, घर चालवायला मी आहे अजून.

रोज गाडी हलवायच्या आधी खाली उतरून एक पूर्ण फेरी मार. मालकाने काल सर्व्हिस केली सांगितलं तरी मार. टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, प्रत्येक टायर ठोक, भरलेला टायर टणटण वाजतो आणि हवा बसलेला भद्द करतो, दहा दिवसांत कान तयार होतो. मागच्या जोड टायरच्या मधे दगड अडकलाय का बघ, नाहीतर तो तरी टायर खातो किंवा मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर उडतो. चाकाच्या नटांपाशी गंजाची लाल रेघ दिसली की समजायचं नट ढिला आहे. ब्रेकच्या हवेचा जो एअर टँक असतो त्याचा कॉक ओढून पाणी काढून टाक. आणि गाडी चालू केल्यावर हवेचं प्रेशर पूर्ण बनेपर्यंत जागचा हलू नकोस, मागे कोणी कितीही हॉर्न मारू दे. एवढ्या सगळ्याला पंधरा मिनिटं लागतात.

आता घाटाचं. तुझ्या पहिल्याच ट्रिपला मानपूरचा उतार येईल, मग खलघाटला नर्मदा, पुढे सेंधवा ओलांडून बिजासन, आणि महाराष्ट्रात शिरल्यावर लळिंग, राहुड, शेवटी कसारा. मानपूरच्या खालचा गणपती घाट किती गाड्या खाऊन बसलाय ते आपल्या इंदूरात कोणाला सांगायला नको, आता तिथे वळसा घालून कमी उताराचा नवा रस्ता झालाय ते फार चांगलं झालं. पण बिजासन आहे तिथेच आहे. जुलै २०२३ ला पळासनेरला ब्रेक गेलेला कंटेनर उतारावरून येऊन सरळ हॉटेलात घुसला, कितीतरी माणसं गेली, चहा प्यायला बसलेली माणसं. तो व्हिडिओ तू मला दाखवला होतास आठवतंय?

माझ्या उस्तादाने मला घाट कसा शिकवला ते सांगतो. सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड, भरून मुंबईला निघालो होतो, बिजासन मातेपाशी त्याने गाडी लावली, नारळ फोडला, आणि मला म्हणाला ज्या गिअरमध्ये हा घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. मग इतक्या हळू उतरवली की मागची लाइन शिव्या देत होती. खाली पळासनेरला आल्यावर मला म्हणाला उतर आणि हबजवळ, चाकाच्या मधोमध, हात ने. नेला, नुसतं कोमट. मग तिथेच बाजूला एक गाडी उभी होती, ड्रायव्हर न्यूट्रल मारून आला होता, डिझेल वाचवायला. तिच्या हबकडे हात न्यायला गेलो तर दोन वीत लांबूनच चटका बसला, ब्रेक लायनरचा जळका वास आणि ड्रममधून धूर. उस्ताद म्हणाला, याला अजून एक किलोमीटर उतार असता तर याच्याकडे फक्त हॉर्न उरला असता. बस, तेवढंच बोलला.

न्यूट्रल मारू नकोस. किती वाचतं त्याने, अर्धा लिटर, एक लिटर? इंजिन गाडीला धरून ठेवत नाही मग सगळा भार ब्रेकवर येतो, परत परत पॅडल मारलं की हवा संपत जाते आणि लायनर तापले की दाबलं तरी गाडी धरत नाही. आणि तापलेल्या ड्रमवर कधी गार पाणी मारू नकोस, ड्रमला चीर जाते. गाडी बाजूला लाव, चाकाला दगड लाव, आपोआप थंड होऊ दे, तेवढ्यात चहा पी.

पण खरं जे सांगायचंय ते घाटाचं नाही, झोपेचं आहे. हे मी घरात कधी नीट सांगितलं नाही, तुझ्या आईला अर्धंच माहीत आहे. २००६ चा मार्च, पिंपळगाव बसवंतहून द्राक्षं भरली होती, इंदूरला चोइथराम मंडीत सकाळच्या लिलावाला पोचवायची, उशीर झाला की भाव पडणार, सेठ दर तासाला फोन करत होता कुठे पोचला कुठे पोचला. आदल्या रात्री पण मी झोपलो नव्हतो कारण माल भरायला रात्र गेली होती. धुळ्याला डोळे जड झाले, तोंडावर पाणी मारलं, शिरपूरला परत मारलं, बिजासन चढलो, मनात म्हटलं अवघड ते झालं आता काय सरळ रस्ता. जुलवानियाच्या अलीकडे पहाटे चार वाजता मी डोळे उघडे ठेवून झोपलो. खरंच सांगतो, डोळे उघडे होते, रस्ता दिसत होता, आणि तरी मी नव्हतो. क्लीनर साइडची चाकं कच्च्यात उतरली, पोरगा ओरडला उस्ताऽऽद, आणि मी जागा झालो तोपर्यंत गाडी शेतात. पुलियाची भिंत दहा फुटांवर राहिली होती. त्या पोराचं डोकं डॅशबोर्डवर आपटलं, कपाळाला सात टाके. खरगोनकडचा होता, तुझ्यापेक्षा पण लहान. त्याचं रक्त माझ्या गमछ्याला लागलेलं, मी थरथरत सेठला फोन लावला, तर सेठने पहिलं काय विचारलं माहितीये? माल ठीक आहे ना.

तू तेव्हा तीन वर्षांचा होतास. मी तिथे बांधावर बसलो, मागे द्राक्षाचे खोके फुटून सगळीकडे गोड वास सुटलेला, आणि माझ्या डोक्यात एकच, की मी धुळ्यालाच गाडी का नाही लावली. कोणी हात धरला होता का माझा? मी फक्त सेठला नाही म्हणायला घाबरलो होतो, एवढंच.

म्हणून तुला पहिल्या दिवसापासून हे एक वाक्य पाठ पाहिजे. सेठ, झोप येतेय, गाडी लावतोय, तीन तासांनी निघतो. आवाज चढवायचा नाही, माफी मागायची नाही, खोटं पंक्चर सांगायचं नाही. आता तर गाडीत जीपीएस असतं, गाडी थांबली की पाच मिनिटांत फोन येतो का थांबला. सांग खरं ते. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता, दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आणि सलग ५ तास झाले की निदान अर्धा तास आराम, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवीन लेबर कोड आलाय. रस्त्यावर कोण पाळतो म्हणशील, नाही पाळत, मी पण नाही पाळला, आणि त्याचं काय झालं ते वर लिहिलंय. कोणी तुला सांगेल ई-वे बिल, म्हणजे माल न्यायचा ऑनलाइन कागद, त्याची मुदत संपेल, पळव. तर हिशोब लक्षात ठेव, २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, इंदूर ते मुंबई सहाशेच्या आत-बाहेर म्हणजे तीन-चार दिवस, आणि अडचण आलीच तर ते वाढवून पण मिळतं. बिल तुझ्या झोपेपेक्षा आधी संपत नाही. त्या द्राक्षांनंतर मी असं बोलायला लागलो, त्या सेठने महिन्याभरात काढलं मला, पंधरा दिवस घरी बसलो, मग दुसरी गाडी मिळाली आणि त्या गाडीवर अकरा वर्षं काढली. काम मिळतं रे. चांगला ड्रायव्हर कोणाला नको असतो.

झोप मारायला कोणी ढाब्यावर गोळी देईल, आपल्या माळव्यात कोणी अफूच्या डोड्याचं पाणी देईल, म्हणेल पी, सकाळपर्यंत डोळा लागणार नाही. माझ्या बरोबरीचे तीन जण त्यातच गेले, एक्सीडेंटने नाही, घरी खाटेवर. याच्यावर मी जास्त लिहीत नाही. तुझ्या आईची शपथ घाल स्वतःला.

वजनाचं. वजनकाट्यावर गाडी चढली की तू स्वतः उतरून पावती हातात घे, मुनीम म्हणाला बरोबर आहे तर तेवढ्यावर जाऊ नकोस. दहा चक्क्याची, म्हणजे दहा चाकी, गाडी एकूण २८ टनाला पास असते, त्याच्यावर माल टाकला तर दंड २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० वेगळे. दंड मालक भरेल, पण बिजासनच्या उतारावर ते जास्तीचे टन तुझ्या पायाखाली असतील.

पैशाचं एक, खिशात छोटी वही ठेव, भत्ता किती मिळाला, हमाली किती दिली, पंक्चर, पार्किंग, सगळं त्याच दिवशी लिही. तोंडी हिशोबात ड्रायव्हरच नेहमी कमी पडतो. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, सही करायच्या आधी नग मोज, कंटेनर असेल तर सीलचा नंबर कागदाशी ताडून बघ आणि फोटो काढ, नाहीतर शॉर्टेज तुझ्या पगारातून कापतात. मला दोनदा कापलंय.

देव न करो, पण कधी कोणाला धक्का लागला तर पळायचं नाही. जानेवारी २०२४ चा ड्रायव्हर लोकांचा संप आठव, तू पण पेट्रोलच्या लाइनीत उभा होतास, तेव्हा सगळ्या ढाब्यांवर हीच चर्चा, थांबलं तर पब्लिक मारणार आणि पळालं तर नव्या कायद्याने दहा वर्षं जेल. ती भीती खोटी नाही, मी मार खाल्लेले लोक बघितलेत. पण कायद्यात ही सोय आहेच, मोटार वाहन कायद्याचं १३४ कलम, जखमीला दवाखान्यात न्यायची जबाबदारी आपली, आणि जमाव अंगावर आल्यामुळे ते जमलंच नाही तर कायदा ते समजून घेतो, पण पोलिसांना लगेच, जास्तीत जास्त २४ तासांच्या आत कळवायचं. तर १०८ लाव, ११२ लाव, हायवेवर असशील तर १०३३, थांबणं जमत नसेल तर गाडी सरळ जवळच्या ठाण्यात नेऊन उभी कर आणि सांग मी हजर आहे. मग मला फोन कर, मी निघतोच.

क्लीनर पोरगा असेल त्याला अरे-तुरे कर पण आई-बहिणीवरून बोलू नकोस, जेवताना आपल्या ताटापाशी बसव. रात्री उलटी गाडी घेताना तुझे मागचे डोळे तोच आहे.

आणि घरापासून लांब राहण्याचं तुला आत्ता कळणार नाही. तू झालास तेव्हा मी भिवंडीत गोडाऊनबाहेर चार दिवस गाडी खाली व्हायची वाट बघत उभा होतो, एसटीडीवरून फोन केला तर आजी म्हणाली मुलगा झालाय, नाक तुझ्यासारखं आहे. तुला मी नवव्या दिवशी बघितलं. तुझ्या शाळेच्या एकाही गॅदरिंगला मी नव्हतो आणि तू कधी तोंडाने बोलला नाहीस, पण मला माहीत आहे. आता गाड्या चांगल्या आल्यात, ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची केलीय, मोबाईलवर तोंड दिसतं एकमेकांचं, आमच्यापेक्षा तुमचं सोपं जावं एवढीच इच्छा. रोज एकदा आईला व्हिडिओ कॉल कर, दोन मिनिटं का होईना.

तुझ्या बॅगेत माझी टॉमी ठेवलीय, दांडा गुळगुळीत झालाय पण वाजते चांगली. आईने दशम्या आणि लसणाची चटणी बांधलीय, शेव वेगळी आहे, दोन दिवस सहज टिकेल. सोमवारी सेंधव्याला पहिला थांबा घे, घाट उतरायच्या आधी खाली उतरून सगळ्या हबपाशी हात फिरव आणि मला फोन कर. कितीही वाजलेले असू दे, मी जागाच असेन.

तुझा
बाबा