दागिना मोडण्याआधी चोख सोन्याचे वजन काढा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोन्याचा भाव चढला की आपल्या पहिल्या पानावर तो ठळक छापून येतो. जुना दागिना मोडायला निघालेला माणूस तोच आकडा मनात धरून घराबाहेर पडतो. पण तो भाव चोख सोन्याचा, आणि दागिना चोख सोन्याचा जवळजवळ कधीच नसतो. माझा जन्म मुशीपाशी गेला, मोडीचे सोने आटवण्यात गेला, म्हणून हे कळकळीने लिहितो.

दागिन्यावरचा छाप भिंगातून पाहा. हजार भागांत सोने किती, ते तो आकडा सांगतो. ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८, ५८५ म्हणजे १४, ३७५ म्हणजे ९. ९२५ दिसले तर ती चांदी, वर मुलामा असला तरी. आता वजन. स्वयंपाकघरातला काटा अंगठीसाठी कुचकामी. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा हवा. खडे, मोती, पोकळ दागिन्यातली लाख, चेनच्या फाशातली पोलादी स्प्रिंग, हे सगळे वजनातून वजा करायचे. खड्यांचा कॅरेट हे वजनाचे माप आहे, ०.२ ग्रॅमचे. त्याचा सोन्याच्या कसाशी संबंध नाही.

समजा कडे २० ग्रॅमचे, छाप ७५०चा, खडे आणि स्प्रिंग मिळून २ ग्रॅम. उरलेल्या १८ ग्रॅमचे पाऊण, म्हणजे साडेतेरा ग्रॅम चोख सोने. हाच आकडा कागदावर लिहून न्यावा आणि रुपयांची गोष्ट त्यानंतर काढावी.

कारण नाडवणूक नेमकी इथे होते. एका बाईंना अशाच कड्याचा हिशेब लावून दिलेला मी पाहिला. कस कमी म्हणून आधी वजनाचे पाऊण केले, ते रास्तच. मग त्या साडेतेरा ग्रॅम चोख सोन्याला भाव लावला तो २४ ऐवजी २२ कॅरेटचा! कसाची वजावट दोनदा झाली आणि एक ग्रॅमहून जास्त सोन्याचे पैसे बाईंच्या हातून गेले. पावतीवर नुसते ‘भाव’ असे लिहिले होते, कोणत्या कॅरेटचा ते नाही. त्या निमूटपणे सही करून गेल्या, याचे मला आजही वाईट वाटते.

घटीचेही तसेच. आटवल्यावर मळ, मेण, लाख जळते आणि वजन उतरते, हे खरे. पण आटवून निघालेल्या गोळीचेच वजन केले आणि तिचाच कस पाहिला, तर घट आपोआप धरली गेली. त्यावर पुन्हा टक्केवारीने घट कापणे अन्याय आहे. गाळणावळ आणि नफा घेणाऱ्याने जरूर घ्यावा, पण तो वेगळा लिहून.

यंत्राच्या आकड्यावरही डोळे मिटून विसंबू नये. क्ष-किरणांचे यंत्र दागिन्याचा वरचा अगदी पातळ थरच वाचते. जाड मुलामा असला तर ते जास्त कस दाखवते, डाकेवर, म्हणजे सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूवर, रोखले तर कमी. समोर आटवून मगच तपासा, असे म्हणायचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. कारागिरी दुर्मीळ असेल किंवा खडा मोलाचा असेल तर मात्र आटवायची घाई नको. त्याची किंमत आधी वेगळी करून घ्यावी.

आंतरराष्ट्रीय भावावरून हिशेब करणाऱ्यांचीही एक फसगत होते. तो भाव ट्रॉय औंसाचा असतो, म्हणजे ३१.१ ग्रॅमचा. साध्या औंसाच्या २८.३५ ग्रॅमने भागले की अपेक्षा जवळपास दहा टक्क्यांनी फुगते, आणि मग प्रामाणिक सराफही लबाड वाटू लागतो.

आपल्याला विनंती एवढीच, की रोजच्या भावाशेजारी तो कोणत्या कॅरेटचा ते स्पष्ट छापावे आणि २२, १८ व १४ कॅरेटचे प्रतिग्रॅम आकडेही द्यावेत. चार ओळींची जागा लागेल.

आपला,
एक निवृत्त सोनार