देश असा निवड की परत येणंही तुझ्या हातात राहील

बाळा,

फोनवर तू घाईत असतेस आणि मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. मोठं झालंय, तरी पूर्ण वाच.

तू शिकायला परदेशी जाणार हे ठरलंय, पप्पांचंही. एकटी पोरगी कशी पाठवता असं विचारणाऱ्यांना उत्तर मी देते, ते तू माझ्यावर सोड. प्रश्न फक्त देशाचा आहे.

कॅनडा का, ते मला कळतं, तुझ्या मैत्रिणी तिथं आहेत, इंग्लिशवर भागतं. पण बघ की, जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी स्टुडंट परमिटवर मर्यादा आणली, आणि बाहेरच्या मुलांची फी तिथल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त. एजंटने जो हिशोब दिलाय तो घर तारण ठेवूनच जमतो. घराची काळजी नाही गं मला. मला भीती ही आहे की तिथं तुला नाही करमलं, नोकरी नाही लागली, तब्येत बिघडली, तरी हप्त्यापायी तू सांगणार नाहीस, सगळं मस्त चाललंय म्हणशील आणि कुठल्यातरी गोडाऊनमध्ये रात्रपाळी करत बसशील. मी ओळखते तुला. मनात आलं तर परत येता यावं, एवढंच कर्ज डोक्यावर घेऊन जा. मग नाही आलीस तरी चालेल, तिथं राहिलीस ते स्वतःच्या मर्जीनं राहिलीस असं मला वाटेल.

म्हणून जर्मनी म्हणतेय. सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरचे काहीशे युरो. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथं मात्र सेमिस्टरला १५०० युरो घेतात, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ पासून बाहेरच्यांना फी लावलीय, तेवढं बघून अर्ज कर. ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच ठेवायच्या खात्यात, ११,९०४ युरो भरायचे, म्हणजे साधारण बारा-तेरा लाख रुपये, पण ते तुझेच, महिन्याला ९९२ असे तुलाच मिळतात. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं आणि डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने देतात. एवढं आपल्याला एफडी मोडून आणि थोडं लोन काढून जमतंय, घराला हात न लावता.

भाषेचं म्हणशील तर कोर्स इंग्लिशमधून असला तरी नोकरीला, डॉक्टरकडे, घरमालकाशी जर्मन लागणारच, त्यामुळे आत्ताच क्लास लाव, बी१ पर्यंत, म्हणजे रोजचं बोलता येईल त्या पातळीपर्यंत तरी कर. अवघड आहे, पण तू सोलापुरात वाढलीस की! शेजारच्या अक्कांशी तेलुगू, भाजीवाल्या मावशींशी कन्नड, तुला कुणी शिकवलं होतं का? आपल्या गावचे डॉ. कोटणीस १९३८ ला चीनला गेले, ते तिथं जाऊन चिनी शिकलेच ना.

थंडीचं मात्र मला खरंच वाटतं. इथं चव्वेचाळीस डिग्रीत वाढलेली पोरगी तू, डिसेंबरात तिथं चार-साडेचारलाच अंधार पडतो आणि रविवारी दुकानं बंद. अशा वेळी खोलीत एकटी बसू नकोस, बाहेर पड, कुणाला तरी जेवायला बोलव. भाकरी येते तुला, शेंगाचटणी मी देईन.

शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने येशील तेव्हा सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट घेऊन ये, एपीएस सर्टिफिकेटला, म्हणजे आपली शिक्षणाची कागदं खरी आहेत असा जर्मनीवाले तपासून दाखला देतात त्याला, लागतात आणि त्याशिवाय व्हिसाचं पुढं सरकत नाही. पप्पा रविवारी घरी आहेत, तेव्हाच फॉर्म भरून टाकू.

तुझी आई