गोळी नेमके काय करते

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलेस, "अल्झायमरसाठी दोन महिने डोनेपेझिलची गोळी चालू आहे, तरी यांना सकाळचे दुपारी का आठवत नाही?" तुझा थकलेला आवाज ऐकून मला तेव्हा धड उत्तर देता आले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

मेंदूतील काही पेशी आपला निरोप ॲसिटिलकोलिन या रसायनाच्या हाती पाठवतात. तो पोहोचताच ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाचे एन्झाइम त्या रसायनाचे तुकडे करते, तेही एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत. निरोगी मेंदूला ही तत्परता हवीच असते, नाहीतर जुना निरोप नव्यात मिसळेल. अल्झायमरमध्ये मात्र हे रसायन बनवणाऱ्या पेशीच कमी होत जातात, आणि जे थोडे बनते तेही एन्झाइम लगेच संपवून टाकते. बाबा, चष्म्याचे घर हातात धरून "हे मी कशाला उचलले?" असे तुम्ही विचारता, तेव्हा अर्ध्या वाटेत विरलेला निरोपच माझ्या डोळ्यांपुढे येतो.

डोनेपेझिल त्या एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसते आणि काही वेळाने सुटते. तेवढा काळ रसायन टिकते. रोज 10 मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या तांबड्या रक्तपेशींत एन्झाइमचे काम सुमारे 77 टक्क्यांनी रोखलेले आढळते, परंतु मेंदूच्या बाह्यभागाच्या चित्रणात हीच घट साधारण 20 ते 40 टक्केच दिसते. फायदा बेताचा असण्याचे हे एक कारण असावे असे मला वाटते. गेलेल्या पेशी गोळी परत आणत नाही. उरलेल्यांचा आवाज ती थोडा अधिक काळ ऐकू येऊ देते. म्हणून, आई, फरक दिसत नाही म्हणून ती स्वतःहून बंद करू नकोस. एखादा दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नकोस. शरीरातील तिचे प्रमाण निम्मे व्हायलाच सुमारे 70 तास लागतात.

हेच रसायन हृदयाचे ठोके मंदावते आणि आतड्यांची हालचाल वाढवते. बाबांना उठताना अंधारी आली किंवा नाडी फार सावकाश लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. सर्दीची झोप आणणारी गोळी विचारल्याशिवाय देऊ नकोस, कारण अशा काही गोळ्या ॲसिटिलकोलिनचेच काम अडवतात.

बाबा, रात्री गोळी घेतल्यावर विचित्र स्वप्ने पडतात असे तुम्ही म्हणालात. ती सकाळी घेतली तर चालेल का, हे पुढच्या भेटीत मी स्वतः डॉक्टरांना विचारीन.

तुमची लेक