पुठ्ठ्याचा राजगड

महोदय,
दिवाळीच्या किल्ल्यांवर दरवर्षी छापून येते ते सगळे अंगणवाल्यांचे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत माती कालवली की खालच्या वहिनी वर येतात. म्हणून नातवासाठी पुठ्ठ्याचा किल्ला केला. तो २८ मिलिमीटरच्या सैनिकांनी टेबलावर लढाया खेळतो, त्यामुळे तुकडे सुटे हवे होते: ६ इंची चौकोन, कडेला खाचा. आज राजगडाची संजीवनी माची, उद्या त्याच तुकड्यांचा गोमुखी दरवाजा. दुहेरी तटाच्या चिलखती बुरुजाने मात्र चार रविवार खाल्ले. एकाच बाजूने रंगवला की पुठ्ठा पापडासारखा वळतो. मागूनही हात मारावा लागतो, हे तीन बुरुज वाया गेल्यावर कळले. खाच पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच हवी, नाहीतर तट झिंगल्यासारखा डुलतो. तटाला जुन्या लग्नपत्रिका उत्तम (आमच्याच लग्नाची कापली, हे हिला अजून सांगितलेले नाही).

बाजारातल्या मातीच्या चित्रांना मात्र मापच नाही. आमची गवळण बुरुजाहून उंच आहे!

रविवारच्या पुरवणीत बुरुजाचा कापून चिकटवायचा आराखडा छापाल का? तेवढे पान तरी रद्दीत जाणार नाही.

– एक आजोबा, डोंबिवली