डग फ्लूटीची चौकट अपुरी आणि चुकीची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका सामन्याने, एका क्षणाने नाव कमावलेल्या खेळाडूंवर पान होते. त्यात अमेरिकन फुटबॉलमधल्या डग फ्लूटीलाही आठ-दहा ओळींची चौकट मिळाली. एरवी आपल्या वृत्तपत्रांत हा खेळ दिसतच नाही, म्हणून हौसेने वाचायला घेतली आणि वाचून हिरमुसलो. नशिबाने एक चेंडू बरोबर पडला, त्यावर हाइझमन करंडक (कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा) पदरात पडला आणि पुढे गडी फारसा चमकला नाही, असा एकूण सूर. तो साफ चुकीचा आहे, म्हणून हे पत्र.

मी शाळेत एकतीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले. निवृत्तीनंतर अधूनमधून अमेरिकेत मुलीकडे जाणे होते. ती बॉस्टनच्या पश्चिमेला राहते. तिथे नेटिकच्या मॉलकडून शेजारच्या फ्रेमिंगहॅमच्या बाजारसंकुलाकडे जाताना एक आखूड रस्ता लागतो. पाटीवर नाव ‘फ्लूटी पास’. मी आपला इकडेतिकडे डोंगर शोधू लागलो, कारण पास म्हणजे घाट एवढेच मला ठाऊक. जावईबापू हसले. म्हणाले, ‘‘बाबा, हा घाट नाही, चेंडूची फेक आहे.’’ फ्लूटी नेटिकच्याच शाळेत शिकला. त्या दिवसापासून मी या माणसाच्या मागे लागलो आहे.

आता ती फेक. २३ नोव्हेंबर १९८४, मायामीचे ऑरेंज बोल मैदान. बॉस्टन कॉलेजसमोर आदल्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता मायामी विद्यापीठाचा संघ, ४५-४१ असा पुढे. घड्याळात सहा सेकंद. गोलरेषा ४८ यार्डांवर. ‘फ्लड टिप’ नावाची चाल ठरली: सगळ्यांनी एकाच बाजूने गोलरेषेकडे धावायचे, चेंडू हातात आला तर ठीक, नाही तर सोबत्याच्या दिशेने टोलवायचा. फ्लूटी मागे सरकला, अंगावर येणाऱ्याला चुकवून उजवीकडे पळाला आणि वारा तोंडावर असताना चेंडू भिरकावला. तो हवेतून साठ यार्डांहून जास्त गेला. मायामीच्या बचावपटूंना वाटले, एवढ्या बुटक्याचा चेंडू काही इथवर पोचत नाही. ते पुढेच उभे राहिले. त्यांच्या मागे सटकलेला जेरार्ड फेलन, जो वसतिगृहात फ्लूटीच्याच खोलीत राहायचा, त्याने चेंडू पोटाशी धरला आणि गोलरेषेपलीकडे पडला. ४७-४५.

यात नशीब नव्हते असे मी म्हणत नाही. पण समोरच्याने उंची पाहून हाताचा अंदाज बांधला आणि तो फसला, याला निव्वळ नशीब म्हणता येईल का? त्याच सामन्यात त्याने एकूण ४७२ यार्डांच्या फेकी पोचवल्या होत्या. कॉलेजच्या चार वर्षांत १०,५७९. त्या पातळीवरचा तो तेव्हाचा विक्रम. एका फेकीत एवढे यार्ड कुठून आले?

क्वार्टरबॅक म्हणजे काय, हे चौकटीत सांगितलेलेच नाही. आयत्या वेळी चाल ठरवणारा आणि चेंडू फेकणारा तो हा गडी. त्याच्यासमोर सव्वासहा-साडेसहा फुटी धिप्पाड माणसांची भिंत असते आणि तिच्या पलीकडे कोण मोकळा आहे ते दोन-तीन सेकंदांत हेरायचे असते. म्हणून निवड करणाऱ्यांची नजर आधी उंचीवर. फ्लूटी भरला ५ फूट १० इंच. (आपल्याकडे एवढ्या उंचीचा जावई मिळाला तर मुलीकडचे चारचौघांत सांगतात.) मोठ्या कॉलेजांनी त्याला विचारले नाही. बॉस्टन कॉलेजने घेतले तेही क्वार्टरबॅकांच्या रांगेत पार मागे.

ही खोड मला चांगली ठाऊक आहे, कारण ती माझीच. जून उजाडला की मुलांना उंचीप्रमाणे उभे करायचे आणि व्हॉलीबॉलच्या संघासाठी रांगेच्या एकाच टोकाकडे बघायचे. एका बारक्या मुलाला मी लागोपाठ तीन वर्षे जाळी बांधायला ठेवले. तो पुढे कॉलेजच्या संघात सेटर झाला. कित्येक वर्षांनी एका लग्नात भेटला, वाकून नमस्कार केला, मुलांची ओळख करून दिली. जाळीचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही.

‘पुढे फारसा चमकला नाही’ याचे तर नवलच वाटते. १९८५ साली एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगच्या, नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याचा क्रमांक २८५वा, हे खरे. पण तोवर त्याने दुसऱ्या लीगमधल्या न्यू जर्सी जनरल्सशी करार केला होता (मालक डोनाल्ड ट्रम्प, हो, तेच). ती लीग बुडाली. मग एनएफएलमधले शिकागो, मग न्यू इंग्लंड हे संघ, कुठे बस्तान बसले नाही. १९९० साली तो कॅनडात गेला. तिथल्या फुटबॉलचे मैदान मोठे, संघात अकराऐवजी बारा जण आणि दहा यार्ड पुढे सरकायला चारऐवजी तीनच प्रयत्न. पळता पळता फेकणाऱ्याला हे सगळे सोयीचे. आठ हंगामांत सहा वेळा तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि तीन वेळा त्याच्या संघाने ग्रे कप, म्हणजे तिथले विजेतेपद, जिंकले. १९९१च्या एका हंगामातल्या ६,६१९ यार्डांना अजून कुणी गाठलेले नाही.

१९९८ साली, पस्तिशी ओलांडल्यावर, एनएफएलमधल्या बफेलोने त्याला परत बोलावले आणि त्याच वर्षी तो प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडला गेला. त्याच्या नावाची न्याहारीची ‘फ्लूटी फ्लेक्स’ तेव्हा दुकानांत आली. त्याच्या मुलाला ऑटिझम आहे. खपातून येणारा पैसा त्यासाठी काढलेल्या संस्थेकडे गेला. ती संस्था आजही चालू आहे. पुढच्या हंगामात त्याने संघाला बाद फेरीपर्यंत नेले आणि नेमक्या त्या सामन्यात, ८ जानेवारी २००० रोजी, त्याला बाकावर बसवून उंच रॉब जॉन्सनला खेळवले. बफेलो शेवटच्या काही सेकंदांत हरले. त्यानंतर पुन्हा बाद फेरी गाठायला त्यांना २०१७चा हंगाम उजाडावा लागला. फ्लूटी असता तर जिंकले असते असे नाही, पण बफेलोत हा विषय काढून बघा.

आणि शेवटचा खेळ. १ जानेवारी २००६, वय ४३, न्यू इंग्लंडचा राखीव क्वार्टरबॅक. चेंडू जमिनीवर सोडायचा आणि टप्पा पडून वर येताच लाथेने खांबांमधून मारायचा, ही ‘ड्रॉप किक’ १९४१ नंतर एनएफएलमध्ये कुणाला साधली नव्हती. निमुळत्या चेंडूचा टप्पा कुठे जाईल याचा नेम नसतो, म्हणून ती केव्हाच मोडीत निघाली होती. फ्लूटीने ती मारली. एक गुण मिळाला. सामना संघ हरला, पण बाजूला उभे असलेले त्याचे सोबती शाळकरी पोरांसारखे उड्या मारत होते.

दोन दुरुस्त्या कृपया छापाव्यात. हाइझमनचे मतदान मायामीच्या सामन्याआधीच आटोपले होते. त्या फेकीने करंडक मिळवून दिला, हे बरोबर नाही. दुसरे, चौकटीतल्या छायाचित्रात ७ क्रमांकाची निळी जर्सी आहे. ती बफेलोची. बॉस्टन कॉलेजात तो २२ क्रमांक घालायचा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, डोंबिवली