ठाण्याचा उंबरठा न पाहिलेले विद्वान?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पोलीस सुधारणांवरचा कालचा लेख वाचला. कालच उत्तर लिहायला घेतले असते तर भाषेवर ताबा राहिला नसता, म्हणून एक रात्र जाऊ दिली. लेखक पोलीस खात्यात वरच्या पदावर होते, त्यांच्या सेवेबद्दल मला आदर आहे. शिपायांची बारा-बारा तासांची ड्युटी, रिकाम्या जागा, पोलीस वसाहतींतल्या गळक्या खोल्या, हे सगळे त्यांनी पोटतिडकीने मांडले आहे आणि ते खरे आहे. पण मध्येच ते कायद्याच्या प्राध्यापकांवर घसरले. ही मंडळी खोलीत बसून पोलिसांना अक्कल शिकवतात, ठाण्याचा उंबरठा त्यांनी पाहिलेला नसतो, त्यांच्या संशोधनाचा तपासाला काडीचा उपयोग नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि दाखला कशाचा, तर पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या एका निकालाविरुद्ध १९७९ मध्ये चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राचा. तेही 'दिल्लीचे विद्वान' म्हणून, एकाचेही नाव न घेता.

नावे मी देते. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. यातल्या वसुधाताई पुण्याच्या. ज्यांना पत्र लिहिले ते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडही पुण्याचेच. गुन्हा घडला तो देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, ज्याला आमच्याकडे अजून वडसा म्हणतात. तेव्हा जिल्हा चंद्रपूर, आता गडचिरोली. एवढे सगळे आपले असताना मराठी वृत्तपत्रात ते 'दिल्लीच्या विद्वानांचे' पत्र होऊन बसावे, याचे मला फार वाईट वाटले.

खटला बहुतेकांना ठाऊक आहे. २६ मार्च १९७२ ची रात्र. एका अनाथ आदिवासी मजूर मुलीला जबाबासाठी ठाण्यात आणले, जबाब झाल्यावर नातेवाइकांना बाहेर घालवून तिला आत थांबवून घेतले, दिवा मालवला, दार लावले. सत्र न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडले. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नाही, असा तो हिशोब. त्यावर या चौघांनी पत्रात एवढेच विचारले की, रात्री उशिरा, बंद दाराआड, दोन पोलिसांसमोर एखादी पोर मुकाट राहिली तर ती तिची संमती कशी होते? आणि दुसरे, जे कालच्या लेखकांनी मुळातून वाचलेले दिसत नाही: जबाबासाठी बाईला ठाण्यात बोलावण्याबद्दल न्यायालय एका शब्दानेही का बोलत नाही? निकालाच्याच वर्षी, १९७८ च्या एप्रिलमध्ये, नंदिनी सत्पथींच्या प्रकरणात याच न्यायालयाने फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६० दाखवून पोलिसांचे कान उपटले होते. बाईचा जबाब घ्यायचा तर तिच्या राहत्या घरी जाऊन घ्या, तिला ठाण्यात बोलावू नका. पण नंदिनी सत्पथी ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री होत्या आणि ही देसाईगंजची मजूर मुलगी.

आता या कलम १६० चा तपासाला काय उपयोग, ते माझ्या घरातले सांगते.

मी कायद्याची पदवी घेतली, सनद मात्र घेतली नाही, आयुष्यभर शाळेत शिकवले. आम्हाला फौजदारी कायदा शिकवणाऱ्या सरांनी ते पत्र सायक्लोस्टाइल करून वर्गात वाटले होते, त्यामुळे कलम १६० डोक्यात पक्के बसले. काही वर्षांपूर्वी मी भावाकडे गेले होते. सकाळी फिरायला गेलेल्या माझ्या वहिनींच्या गळ्यातले मंगळसूत्र मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी ओढून नेले. मानेवर तार रुतल्यासारखा वळ, एका बाजूने कातडी सोललेली. भावाने ठाण्यात जाऊन फिर्याद दिली. रात्री जेवणे व्हायच्या वेळेला फोन आला, बाईंना जबाबाला पाठवून द्या. फोन मी घेतला. म्हटले, त्यांना ताप आहे, आणि तसेही कायद्याने तुम्ही घरी येऊन जबाब घ्यायला हवा. पलीकडचे हवालदार म्हणाले, "मॅडम, पुस्तकातलं पुस्तकात ठेवा. इथं यायचं असतं सगळ्यांनी."

कालच्या लेखातला परिच्छेद वाचताना मला हा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. हवालदारावर माझा तेवढा राग नाही, त्याला कोणी शिकवलेच नसेल. पण ज्यांनी त्याला शिकवायचे तेच अधिकारी निवृत्तीनंतर वर्तमानपत्रात हेच लिहीत असतील, तर तो वेगळे काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी मी ते कलम कागदावर उतरवून ठाण्यात गेले. ठाणे अंमलदारांनी कागद न वाचताच बाजूला सारला. साहेब राउंडला गेलेत, बसा. बाकावर बसून राहिले. माझ्यासमोरच एका टेबलाशी दुसऱ्या कुठल्या तरी बाईंचा जबाब चालला होता. आजूबाजूला चार पुरुष उभे, एक जण चहा पीत ऐकतोय, आणि त्या बाई खाली मान घालून फक्त हो-नाही म्हणताहेत. शेवटी उपनिरीक्षक आले, त्यांनी कागद वाचला आणि तरुण असूनही शांतपणे म्हणाले, बरोबर आहे, उद्या महिला हवालदार पाठवतो. त्यांनी शब्द पाळला, हेही मी लिहिलेच पाहिजे.

महिला हवालदार आल्या, स्वयंपाकघरात पाटावर बसल्या. कार्बन लावलेले कागद मांडीवर घेऊन लिहू लागल्या. मंगळसूत्राच्या वाट्या कशा होत्या ते वहिनींकडून कागदावर काढून घेतले. आणि मग, त्यांनी विचारले नसतानाही, वहिनींनी सांगितले की ओढताना त्या माणसाने आधी कुठे हात घातला होता, आणि तो काय बोलला होता. हे त्यांनी माझ्या भावालाही सांगितले नव्हते. आम्ही समजत होतो फक्त चोरी झाली. हवालदारबाईंनी पेन थांबवले, उठून दार लोटून घेतले, आणि पुढचे सगळे नीट लिहून घेतले. त्या चार पुरुषांच्या टेबलाशी वहिनी हे बोलल्या असत्या, असे आपल्या लेखकांना खरोखर वाटते का? आणि जी गोष्ट जबाबातच आली नसती तिचा तपास त्यांनी कसा केला असता?

वसुधाताईंनी तर खोलीच्या बाहेरच आयुष्य काढले. दंड संहिता माणसाच्या जिवाचे आणि शरीराचे रक्षण करते म्हणतात, ते कोणापर्यंत पोहोचते आणि कोणापर्यंत नाही, यावरचे त्यांचे 'लॉ, पॉवर अँड जस्टिस' १९७४ मध्ये निघाले. खुल्या पत्राच्या कितीतरी आधी. सातपुड्यात अक्कलकुवा-अक्राणीच्या आदिवासींत त्यांनी काम केले. कायदा त्यांच्यापर्यंत येतो तो कोणत्या रूपाने येतो, हे त्यांनी पाड्यांवर जाऊन पाहिले आणि मग लिहिले. १९८५ मध्ये दिल्लीत 'मार्ग' ही संस्था काढली. सरदार सरोवरात ज्यांची गावे बुडणार होती त्यांना त्याबद्दल काय सांगितले गेले आहे, हे तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरून विचारत होते. अशा बाईला खोलीत बसणाऱ्यांत मोजायचे? २०१४ मध्ये त्या गेल्या तेव्हा आपल्याकडच्या किती वृत्तपत्रांनी त्यांच्यावर अग्रलेख लिहिला, तेही शोधून पाहावे.

आणि उपयोगाचेच म्हणायचे तर १९८३ ची दुरुस्ती झाली ती त्या पत्रानंतर आणि त्याने पेटलेल्या आंदोलनानंतर. ठाण्यात, कोठडीत झालेला बलात्कार वेगळा आणि जास्त गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने तसे गृहीत धरायचे, असे कलम ११४-अ पुरावा कायद्यात आले. त्या मुलीला मात्र यातले काहीच मिळाले नाही. तिचे आरोपी सुटले ते सुटलेच. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले तरी संमतीबाबतची ही तरतूद आहे, आणि बाईचा जबाब घरी घेण्याचा नियमही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये कायम आहे. तेवढे तरी लेखकांनी छापून ठाण्या-ठाण्यांत लावायला सांगावे.

जाता जाता एक तक्रार थेट आपल्याविरुद्ध. कालच्याच अंकात, पाचव्या पानावर, एका अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची बातमी आहे. नाव दिलेले नाही. पण गाव आहे, इयत्ता आहे, वडील कुठल्या दुकानात कामाला आहेत ते आहे. त्या गावात आता कोणाला तिचे नाव विचारावे लागणार आहे? पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरवणारे कलम २२८-अ हेही १९८३ च्या त्याच दुरुस्तीतले, आता न्याय संहितेचे कलम ७२, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. देसाईगंजच्या मुलीच्या वेळी हे कलम नव्हते, म्हणून तिच्या नावाने तो खटला आजही ओळखला जातो, आणि कालच्या लेखातही ते नाव दोनदा आहे. मी ते या पत्रात मुद्दाम लिहिलेले नाही.

पाचव्या पानावरची ती बातमी ऑनलाइन आवृत्तीत आज सकाळपर्यंत तशीच होती. वसुधाताईंच्या नावाचा खुलासा उद्या-परवा छापलात तरी चालेल. ती बातमी मात्र हे पत्र हातात पडताच आधी काढावी.

आपली,
एक जुनी वाचक, विदर्भ

(वहिनींची ओळख उघड होऊ नये यासाठी माझे नाव व गाव छापू नये. दोन्ही सोबतच्या कागदावर स्वतंत्र दिले आहे.)