हान्स्लिक असं म्हणालाच नव्हता

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील वाद्यसंगीतावरच्या लेखाने व्हिएन्नाचा संगीतसमीक्षक हान्स्लिक याला ‘संगीतात भावना नसते म्हणणारा’ ठरवून एका ओळीत निकालात काढले आहे. तो असे म्हणालाच नव्हता.

1854 सालच्या त्याच्या छोटेखानी पुस्तकातला मुद्दा असा: सुरावट भावनेची चाल दाखवते, म्हणजे वेग, चढ-उतार, जोर, ओसरणे. ती भावना नेमकी कोणती, हे एकट्या सुरावटीला सांगता येत नाही. आशा म्हटली की कशाची, हे आलेच. ते ‘कशाची’ सुरात कुठून आणणार?

त्याचा दाखला पेटीवरही तपासता येतो. संगीतकार ग्लुकच्या 1762 च्या ‘ऑर्फिओ’ या ऑपेरात, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकात, बायको गमावलेला नायक विलाप करतो तो सी मेजरमध्ये, म्हणजे आपल्या बिलावल थाटाच्या स्वरांत. युरिडिची हे त्या बायकोचे नाव. शब्द फिरवून ‘युरिडिची सापडली, या सुखाला तोड नाही’ असे केले तरी चाल तितकीच चपखल बसते. (खोल दुःखासाठी याहून नेमके सूर संगीताकडे आहेत, असा ग्लुकला चिमटाही हान्स्लिकने तिथेच काढला आहे. ते मात्र कोणी सांगत नाही.)

आपल्या मराठवाड्यातल्या गावात हलगी वाजली की वरात आहे की मयत, हे घरात बसून कळते. मग हान्स्लिक चुकला का? नाही. ते ठेके गावाच्या कानात लहानपणापासून बसलेले असतात. परमुलखातल्या माणसाला लय कळेल, जोर कळेल; प्रसंग कळणार नाही.

सुरांतून नेमकी गोष्ट सांगता येते म्हणणारी विरुद्ध बाजूही पोकळ नव्हती. फ्रेंच संगीतकार बेर्लिओझने 1830 मध्ये आपल्या सिंफनीसोबत, म्हणजे वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनेसोबत, श्रोत्यांना कथानकाचा छापील कागद वाटला. प्रेयसीची धून पाचही भागांत येते. शेवटी चिरक्या, छोट्या क्लॅरिनेटवर माकडउड्या मारत येते. धुनेची विटंबना झाली, हे कागदाविना ऐकू येते. ती प्रेयसीची, हे कागदच सांगतो.

संगीत विभागांनी एक प्रयोग जरूर करावा. रागाचे नाव न सांगता सतारीची दोन मिनिटांची गत ऐकवावी. कागदावर दोन रकाने आखावेत: पहिल्यात भावना एका शब्दात, दुसऱ्यात लय कुठे वाढली, सूर कुठे चढला. मग कोणत्या रकान्यात एकमत जास्त, ते मोजावे. सिनेमाच्या गाण्याची धून घेऊ नये. सनईवर वाजली तरी शब्द डोक्यात चालूच राहतात आणि प्रयोग नासतो. राग ओळखणाऱ्यांचे कागदही वेगळे ठेवावेत. भैरवी म्हटली की त्यांचा हात ऐकण्याआधीच ‘करुण’ लिहून मोकळा होतो.

— एक वाचक, अंबाजोगाई